1098 या मुलांच्या हेल्पलाइनला (चाइल्डलाइन) फोन केला तो अनुभव, बालगृहातल्या मावशीकडून

पाचपैकी पाच स्टार, आणि का ते सांगते.

मी सोलापुरात एका बालगृहात काळजीवाहक आहे, पोरं मावशी म्हणतात. राखीपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी हजेरी घेतली तर 13 वर्षांचा एक पोरगा नाहीच. सात रस्ता, एसटी स्टँड सगळं पालथं घातलं. मग पोलीस ठाण्यात गेलो (कुठलं ते सांगत नाही) तर म्हणे तुमची पोरं पळतातच, सकाळपर्यंत वाट बघा. माझे हातपायच गळाले.

बाहेर येऊन 1098 लावला. फुकट असतो, चोवीस तास. फोनवरच्या ताईंनी कपडे विचारले, चप्पल विचारली, काही औषध चालू आहे का, आणि मग विचारलं की आठवडाभरात तो कुणाचं नाव काढत होता का. तेव्हा लख्ख आठवलं, बहीण! ती पुण्यात मुलींच्या बालगृहात आहे, मुलामुलींची बालगृहं वेगळी असतात ना, भावंडांची ताटातूट होते. ताई म्हणाल्या अजिबात थांबू नका, हरवलेल्या मुलाचा गुन्हा लगेच नोंदवायचा असं सुप्रीम कोर्टाने 2013 लाच सांगितलंय. परत गेलो, तेच बोललो, मग घेतला.

पहाटे आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दल) दौंड स्टेशनवर सापडला. पिशवीत वहीच्या कागदात गुंडाळलेली शेंगाचटणी, बहिणीला आवडते म्हणून स्वतःच्या ताटातली रोज थोडी थोडी वाचवलेली. चोवीस तासांच्या आत तिथल्या बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणारी समिती) नेलं आणि मग काही दिवसांनी आमच्याकडे आला.

आमची एक मोठी चूक झाली, दिलेला फोटो प्रवेशाच्या वेळचा, 3 वर्षं जुना. दुसऱ्या संस्थांनी प्लीज हे आजच तपासा.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते नंतरचं. चाइल्डलाइनचा एक दादा आला, आम्हा स्टाफला लांब बसायला सांगितलं आणि तासभर पोराशी एकटाच बोलला. का पळालास म्हणून दरडावणं नाही, रस्त्यात कुणी त्रास दिला का, इथं काही त्रास आहे का, सगळं हळूहळू. पोराला विचारूनच मग आम्हाला सांगितलं, बहिणीला फोन लावून द्या म्हणून त्याने तीनदा विनवलं होतं, आणि तिन्ही वेळा नंतर बघू म्हणणारी मीच होते. त्या रात्री मला झोप नाही लागली.

आता दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल असतो. तो साडेदहापासूनच ऑफिसच्या दारात उभा असतो, केसांना तेल लावून.