लॅम्डा लायसोजेनी किट: माल चोख, पण मे महिन्यात मागवू नका

लॅम्डा हा फेज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू, जिवाणूच्या डीएनएत शिरून कसा ठाण मांडतो (हीच लायसोजेनी), हे एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला दाखवायला हे किट चांगलं आहे. आत ई. कोलाय के-12 या जिवाणूचे दोन स्लँट, म्हणजे तिरप्या अगारवर वाढवलेल्या नळ्या (एक कोरा, एक लायसोजेन, म्हणजे डीएनएत फेज दडलेला), फेजची कुपी आणि पीसीआरसाठी चार प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे.

गोची लायसोजेनची. त्यातला फेज सीआय857 प्रकारचा, म्हणजे प्रोफेजला (डीएनएत बसलेल्या फेजला) झोपवून ठेवणारा सीआय हा रिप्रेसर उष्णतेने बिघडणारा. 30-32 अंशाला सगळं शांत. 42 ला रिप्रेसर निकामी, प्रोफेज सुटून बाहेर, पेशी फुटलीच. परभणी-नांदेडला मे महिन्यात खोलीचाच पारा तिकडे जातो. कुरिअरमध्ये तापलेल्या स्लँटवर जे वाचतात, त्यांत प्रोफेज गमावलेले किंवा मोडका प्रोफेज असलेलेच जास्त. मग 42 ला ठेवूनही नळी गढूळच राहते आणि पोरांना वाटतं आपलंच चुकलं. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो. बाहेर 40 असताना तो 30 वर येणार कसा? थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर लागतोच. मॅन्युअलमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

संसर्गाचा भाग सरळ आहे. कोरं कल्चर 0.2 टक्के माल्टोज आणि 10 मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये वाढवा. ग्लुकोज घातलंत तर फेज जिथे चिकटतो ते लॅमबी प्रथिन नीट बनत नाही, प्लाक (पेशी फुटून पडणारे स्वच्छ ठिपके) येत नाहीत. टॉप अगार (फेज-जिवाणू मिसळून प्लेटवर ओतायचा मऊ अगार) 3 मिली, 45-48 अंशाला. त्याहून गरम ओतू नका.

पैसे वसूल होतात ते पीसीआरमध्ये, म्हणजे दोन प्रायमरांमधल्या डीएनएच्या प्रती काढून बँड बघण्यात. फेजची जोडजागा (दोन डीएनए जिथे सांधतात ती) सुमारे 240 बेस जोड्यांची, जिवाणूची जेमतेम 25 ची, आणि दोन्हींत 15 जोड्यांचा गाभा सारखा. फेजचं इंटिग्रेज आणि जिवाणूचंच आयएचएफ ही प्रथिनं मिळून तिथे कापून सांधतात, जिवाणूच्या गॅल आणि बायो ऑपेरॉनच्या (जनुकगटांच्या) मध्ये. बाहेर निघताना मात्र फेजचं एक्सिस प्रथिनही लागतं. कोऱ्या पेशीत जिवाणूकडच्या दोन प्रायमरांचा बँड येतो. लायसोजेनमध्ये येत नाही, कारण मध्ये 48,502 जोड्या येऊन बसतात आणि साध्या टॅक एन्झाइमला तेवढं अंतर झेपत नाही. त्याऐवजी डाव्या-उजव्या सांध्यांचे दोन बँड दिसतात. कोरा बँडही पुसट दिसला तर कॉलनी मिसळलेली आहे, 30 ला दोनदा रिस्ट्रीक करा, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून एकेक कॉलनी वेगळी काढा. फेजकडच्याच दोन प्रायमरांचा आपसातला बँड आला तर सुटा फेज राहिलाय, नाहीतर दोन प्रोफेज पाठोपाठ बसलेत.

पाचपैकी साडेतीन. नोव्हेंबर ते जानेवारीत मागवा. उन्हाळ्यातच हवं असेल तर साध्या (उष्णतेने न बिघडणाऱ्या) सीआयचा लायसोजेन आहे का विचारा आणि यूव्हीने उठवा. त्यानंतर प्लेट अंधारात ठेवा, नाहीतर उजेडात फोटोलायेज एन्झाइम डीएनए दुरुस्त करून टाकतं.