कोकणात जुनं घर घेताना: बदनाम वास्तू की गुंतलेला सातबारा?

मालवण, देवगड, गुहागर पट्ट्यात भावापेक्षा स्वस्त मिळणारं कौलारू घर बहुधा दोनपैकी एका कारणाने स्वस्त असतं. एकाचे कागद स्वच्छ, पण घरात आत्महत्या किंवा खून झालेला, म्हणून वाडीत नाव खराब. दुसऱ्याचं नाव चांगलं, पण सातबाऱ्यावर सामाईक खातेदारांची रांग आणि त्यातले बरेच मुंबईला. निवडायचंच तर पहिलं घ्या, पण सगळं लेखी ठरवून.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे मिळकतीतला किंवा मालकीहक्कातला जो मोठा दोष विक्रेत्याला माहीत आहे, पण नेहमीची खबरदारी घेऊनही खरेदीदाराला कळला नसता, तो विक्रेत्याने सांगायलाच हवा. घरातल्या मृत्यूचा उल्लेख मात्र त्यात नाही. त्यामुळे नुसत्या गप्प राहिलेल्या विक्रेत्याला पकडणं कठीण. विचारल्यावर जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर करार कायदा, 1872 नुसार ती फसवणूक ठरते आणि व्यवहार रद्द करून मागता येतो. म्हणून प्रश्न लेखी विचारा आणि साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्री करारात) कलम घाला: घरात वा आवारात अपघाती, आत्महत्येने किंवा खुनाने मृत्यू झालेला नाही, झाला असल्यास केव्हा, आणि त्याचा खटला चालू आहे का. शिवाय पोलीस पाटील आणि शेजारची घरं, दोन्हीकडे स्वतः चौकशी करा.

बदनामीचा खरा खर्च पावसाळ्यात कळतो. कौलं सरकतात, वाशांना वाळवी लागते, भिंती ओल धरतात. बंद घराला राखणीला माणूस लागतोच. भाव करण्याआधी वाडीतलं कोणी पगारावर राखण करील का, रात्री तिथे झोपेल का, हे विचारा. कोणीच तयार नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा. आवारात राखणदाराची (जागा राखणाऱ्या देवाची) जागा असेल, तर वर्षाचा नारळ कोण देतं आणि लोक कुठल्या वाटेने येतात तेही पाहा. 20 वर्षं हक्काने, अखंड वापरलेल्या पायवाटेवर वहिवाटीचा हक्क लागू शकतो. ती वाट नकाशात दाखवून घ्या.

सामाईक घरात एकाच भावाचा हिस्सा घेतलात, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम 44 मुळे कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरात बाहेरच्याला सामाईक ताबा मागता येत नाही. पुढे वाटपाचा दावा, आणि त्यात बाकीचे भाऊ तुमचाच हिस्सा विकत मागू शकतात. वारस नोंदीचे फेरफार, इतर हक्कातलं कूळ आणि 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध) तपासा. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा मालकीचा पुरावा नव्हे. सगळे हिस्सेदार एकाच खरेदीखतावर सही करणार असतील तरच पुढे जा. कोणी कुलमुखत्यारपत्र दाखवलं तर ते देणारा हयात आहे का, याची खात्री करा. तो वारला की सहसा ते संपतं.

घराला लागून शेतजमीन असेल तर दोन्ही व्यवहारांत शेतकरी असल्याचा दाखला आधी लागतो. तो हातात नसेल तर बयाणा देऊ नका.