पद्मिनीचं 'इंजिन काम' सांगून ३८,५०० रुपये लुटले. खान्देशातल्या जुन्या गाडीवाल्यांनी सावध व्हा

आमच्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमिअर पद्मिनी आहे. १०८९ सीसी, पेट्रोल, पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर स्पार्क पडणारी. उन्हाळ्याच्या तोंडाला कन्नड घाट चढताना टॉप गिअरला इंजिन खडखडायला लागलं. सकाळी स्टार्टर मारला की उलटा झटका द्यायचं. जळगाव जिल्ह्यातल्याच एका गॅरेजला गाडी नेली. नाव लिहीत नाही, वकिलाने नको म्हटलंय.

आता नीट वाचा. त्या माणसाने बॉनेट उघडून रेस मारली, खडखड झाली. मग डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागाचा, क्लॅम्प सैल केला आणि आतला रोटर फिरतो त्या बाजूला डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला. पुन्हा रेस मारली तर आवाज गायब! माझ्या डोळ्यांसमोर. आजार तिथेच सापडला होता. टायमिंग अ‍ॅडव्हान्स होतं, स्पार्क वेळेआधी पडत होता, बाकी काही नाही. पण त्याने डिस्ट्रिब्युटर होता तिथे परत फिरवला, क्लॅम्प आवळला आणि म्हणाला, "आवाज असा दाबता येतो भो, पण पिस्टन घासलंय. आठ दिवसांत गाडी रस्त्यात बसंल." तो क्षण आठवला की आजही जीव जळतो. आवाज गेला होता तर परत का आणला? पण वीस वर्षं फियाटचं (पद्मिनी म्हणजे फियाटच) काम करतो असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्याला कोण उलट विचारणार? आपण केळीवाले, त्याच्या हातात पाना. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं तर आपण त्याच्याशी वाद घालतो का?

१८,००० आधी घेतले. पिस्टन-रिंगचे म्हणून १४,५००. सिलिंडरच्या बोरिंगला लेथवाल्याचे म्हणून ६,०००. केळीच्या पट्टीतले रोख पैसे. बिल मागितलं तर "जीएसटी लागंल भाऊ, उगाच वाढंल." जुने पिस्टन मागितले तर "भंगारात गेले." जुने पार्ट हातात पडल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका.

गाडी आणली, घाट चढलो, तीच खडखड.

भुसावळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी हेडचे नट दाखवले. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ते उतरवल्याशिवाय पिस्टन निघत नाहीत. नटांच्या भोवती जुनं ऑइल आणि धूळ दगडासारखी घट्ट बसलेली, त्यावर पान्याचा एक ओरखडा नाही. हेड उतरवलंच नव्हतं! बोरिंग कसलं आणि पिस्टन कसले. सीबी पॉइंटचा (तोच स्पार्कचा पॉइंट) गॅप कोणीतरी नजरेने लावून भलताच मोठा ठेवला होता, त्यानेही टायमिंग पुढे सरकतं. त्यांनी नवीन पॉइंट आणि कंडेन्सर टाकला, फिलर गेजने गॅप लावला, एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण जुळवली आणि पॉइंटच्या वायरला बारा व्होल्टचा बल्ब लावला. पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब लागला पाहिजे, तिथे डिस्ट्रिब्युटर आवळायचा. सगळे मिळून ६५० रुपये. घरी हे दोन आकडे शेजारी सांगताना मान वर होत नव्हती.

गॅप बदलला की टायमिंग पुन्हा तपासायलाच लावा. टायमिंग न बघता इंजिन खोलायला सांगणाऱ्याकडून गाडी तिथल्या तिथे उचला.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." हेड उतरवल्याचं खोटं सांगून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? साहेब म्हणाले, बिल कुठंय? अहो, बिल न देणं हाच तर त्याचा धंदा! अर्ज घ्यायला टाळाटाळ, घेतला तर पोच द्यायला टाळाटाळ. एका हवालदाराने तर सुनावलं, "एवढी जुनी गाडी ठेवायचीच कशाला?" म्हणजे गाडी जुनी असली की मालकाला लुटायची मुभा?

आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. रोख देऊ नका, यूपीआयने द्या, पुरावा राहतो. गाडी सोडण्याआधी हेडच्या नटांचे फोटो काढा. माझ्याकडे धूळ बसलेल्या नटांचे फोटो आहेत आणि मिस्त्री लेखी द्यायला तयार आहेत. त्याच गॅरेजमध्ये आणखी कोणाच्या फियाटचं असंच 'इंजिन काम' झालं असेल तर पुढे या, तक्रार सोबत देऊ.