मिनिअपोलिस डक्ट ब्लास्टर: यंत्र चोख, पण जोडणी नीट हवी

अमेरिकेत, विशेषतः टेक्सासकडे, एसीचे डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळ्या, बहुतेकदा तापलेल्या अ‍ॅटिकमधून जातात. तिथे डक्ट गळला की थंड केलेली हवा छपराखाली वाया जाते. ही गळती मोजायला एनर्जी कॉन्झर्व्हेटरी कंपनीचा मिनिअपोलिस डक्ट ब्लास्टर हा पंखा आणि सोबतचा दाब-प्रवाह मोजणारा डीजी-१००० गेज ही जोडी भरवशाची आहे. पंखा डक्टमध्ये २५ पास्कल दाब धरून ठेवतो, आणि तेवढ्यासाठी जितकी हवा ढकलावी लागते तितकी गळती. नव्या घरांसाठी अनेक ठिकाणी दर १०० चौरस फुटांमागे ४ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) ही मर्यादा असते, म्हणजे २,४०० चौरस फुटांच्या घराला ९६ सीएफएम.

चाचणीपुरती सगळी रजिस्टरं, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या जाळ्या, टेपने बंद करतात. आकडा भलताच आला तर आधी ही तात्पुरती सीलबंदी बघावी. दाबाने रजिस्टरवरची टेप हळूहळू सुटते. भिंतीला धूळ असेल तर हमखास. एखादं रजिस्टर कपाटामागे राहून जातं. पंखा रिटर्न ग्रिलला (खोलीतली हवा परत ओढणाऱ्या जाळीला) जोडताना वापरलेल्या पुठ्ठ्याच्या कडा ही सर्वांत कच्ची जागा, तिथे हात फिरवून बघा. बाहेरची हवा आत घेणारी नळी बंद करायला विसरू नका. फिल्टर काढलेला हवा, एअर हँडलर (डक्टमधून हवा खेळवणारं एसीचं यंत्र) स्विचवरून बंद हवा, आणि एकूण गळती मोजताना घराचं एखादं दार किंवा खिडकी उघडी हवी.

मग गेज. पंख्याचं तोंड लहान करायला वेगवेगळ्या मापांच्या रिंग असतात. पंख्यावर रिंग दोन लावून गेजवर रिंग एक निवडली, तर प्रवाहाचा आकडा निव्वळ चुकीचा येतो आणि गेज तक्रारही करत नाही. या संचातली आमच्या मते हीच मोठी उणीव. 'एलओ' दिसलं तर पंख्याचा दाब विश्वासार्ह मोजण्याइतका नाही, तेव्हा लहान रिंग लावा. डक्टच्या दाबाची नळी पंख्याच्या झोतात येऊ नये. ती सप्लाय प्लेनममध्ये (एअर हँडलरमधून थंड हवा जिथे आधी जाते त्या पेटीत) किंवा एअर हँडलरजवळच्या सप्लाय रजिस्टरमध्ये घाला.

पंखा पूर्ण वेगात असूनही दाब १२.५ पास्कलवरच अडला, तर मिळालेला प्रवाह साधारण १.५ ने गुणून २५ पास्कलचा अंदाज येतो. पण एवढी गळती म्हणजे बहुधा कुठेतरी डक्टचा सांधाच निखळलेला असतो, तो आधी शोधा. फिल्टरच्या खाचेत पुठ्ठा बसवून हवेची वाट घट्ट बंद केली की सप्लाय आणि रिटर्न वेगवेगळे तपासता येतात, आणि अर्धं काम तिथेच होतं. मग नाटकात वापरतात तसं धूर-यंत्र लावलं की गळकी जागा अ‍ॅटिकमध्ये दिसते. धुराचे अलार्म मात्र आधी सांभाळा.

गळती सापडते ती बहुतेकदा प्लेनम आणि एअर हँडलरच्या सांध्यात, रजिस्टरचा बूट (त्यामागची पत्र्याची पेटी) आणि ड्रायवॉल (भिंत-छताचे जिप्सम बोर्ड) यांच्या फटीत, किंवा लवचीक फ्लेक्स डक्ट कॉलरला (जोडणीच्या कड्याला) नीट आवळला नाही तिथे. तिथे मास्टिक, म्हणजे सांधे बुजवायचा घट्ट लेप, फासा. पाव इंचाहून मोठ्या फटीवर आधी फायबरग्लासची जाळी. कापडी डक्ट टेप वापरू नका. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्येच दाखवलं की उष्णतेने तिचा चिकटपणा जातो.

घरमालकाने हा संच विकत घ्यायची गरज नाही, तंत्रज्ञाकडून चाचणी करून घेणं पुरे. पण मास्टिक वाळल्यावर दुसरी चाचणी करायला लावा आणि दोन्ही वेळचे आकडे, वापरलेल्या रिंगसकट, लिहून घ्या.