डीडी फ्री डिशचा एमपेग-४ बॉक्स: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दहा महिने, रोजचे पाच-सहा तास, आणि त्यात एक अख्खा पावसाळा. एवढ्या वापरानंतर या बॉक्सबद्दल ठामपणे सांगण्यासारखं पहिलं हेच, की शिव्या बॉक्स खातो आणि दोष बहुतेक वेळा गच्चीवर निघतो. नवा बॉक्स आणायला दुकानात जाण्याआधी केबलच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून बघितले, तर कित्येक बॉक्स भंगारात जायचे वाचतील.

आधी वस्तू कुठली ते. डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची मोफत उपग्रह टीव्ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून, केयू बँड या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात. लागतं इतकंच: ६० सेंटिमीटरची छत्री (डिश), एक एलएनबी (छत्रीसमोर बसणारी, सिग्नल पकडून केबलमध्ये देणारी डबी), आरजी-६ केबल आणि बॉक्स. इथला बॉक्स साधा डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रसारणाचं एक मानक) जातीचा आहे. मागे एलएनबी इन, एचडीएमआय, एव्हीचा ३.५ मिमी जॅक, एक यूएसबी आणि १२ व्होल्टचा बाहेरचा अॅडॉप्टर.

जुना एमपेग-२ बॉक्स कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. एमपेग-२ आणि एमपेग-४ या चित्र दाबून पाठवण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती, आणि फ्री डिशवरची काही चॅनेल एमपेग-४ मध्ये येतात. जुन्या बॉक्सवर त्यांचं नाव यादीत दिसतं, कधी आवाजही येतो, पण पडदा काळाच राहतो. तो बिघाड नव्हे, त्या बॉक्सला ते वाचताच येत नाही, आणि कुठल्याही सेटिंगने ते सुधारत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मेनूत दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे बघून छत्री लावणारे लोक तासन्‌तास गच्चीवर तळतात. एलएनबीला वीज मिळाली की तिचा स्वतःचाच गोंगाट केबलमधून खाली येतो, आणि छत्री भिंतीकडे तोंड करून असली तरी स्ट्रेंग्थ साठ-सत्तर टक्के दाखवू शकते. उपग्रह सापडला की नाही हे फक्त क्वालिटी सांगते. हा आकडा प्रत्येक कंपनीचा बॉक्स आपापल्या हिशोबाने काढतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या बॉक्सवरचे ८५ आणि आपले ७० यांची तुलना करू नये. स्वच्छ आभाळाला आपल्या बॉक्सवर किती येतो तो आकडा मार्करने बॉक्सच्या तळाशी लिहून ठेवा. पुढे चित्र फुटायला लागलं की आधी तो आकडा ताडून बघायचा. आकडा तेवढाच असेल तर दोष बॉक्स, वायर किंवा टीव्हीकडे. आकडा खाली आला असेल तर वर जायचं. निम्मी दुरुस्ती या एका नोंदीने होते.

जुन्या अँटेनाला सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, पण बातम्या तरी कळायच्या. इथे तसं नाही. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, मग चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि थेट 'नो सिग्नल'. म्हणून आज चित्र छान आहे याचा अर्थ छत्री नीट लागली आहे असा नाही. कड्यावर उभी असलेली छत्री जूनच्या पहिल्या सरीला पडते.

छत्रीची दिशा आग्नेय. खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलं तर मुंबईत सुमारे १३१ अंश, कोल्हापुरात १२९, नागपुरात १४४. उपग्रहाची क्षितिजापासूनची उंची मुंबईत ५७ अंशांच्या आसपास, नागपूर-कोल्हापुरात ६०. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण लोखंडी छत्रीपासून दोन मीटर लांब उभं राहून बघा. छत्रीला खेटून घेतलेलं माप हमखास चुकतं. ही छत्री ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे ती जिथे तोंड करून दिसते त्यापेक्षा साधारण २५ अंश वर बघत असते. मुंबईत ती उभ्या रेषेपासून जेमतेम ३२-३३ अंश मागे कललेली दिसेल. आभाळाकडे तोंड केल्यासारखी दिसत असेल तर ती चुकलेली आहे.

लावताना पाइप ओळंब्यात हवा, नाहीतर डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत जाते आणि काहीच हाती लागत नाही. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर या फ्रिक्वेन्सीला जेमतेम तीन अंश रुंद असते. दीड अंश सरकली की सिग्नल निम्मा. म्हणून बोटभर हलवा, दोन-तीन सेकंद थांबा (पट्टी उशिराने हलते), आकडा बघा, पुन्हा हलवा. नट आवळताना छत्री थोडी सरकतेच. एक नट पूर्ण पिळून दुसऱ्याकडे जाऊ नका, आलटून-पालटून पाव-पाव फेरा द्या आणि खाली कुणाला तरी आकडा वाचायला बसवा.

दिशा जमली की एलएनबी तिच्या क्लॅम्पमध्ये फिरवायची. हे काम बहुतेक जण सोडूनच देतात. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नसून बराच पूर्वेला आहे, त्यामुळे त्याच्या उभ्या लहरी आपल्याकडे तिरक्या पोचतात. महाराष्ट्रात हा तिरकेपणा किरकोळ नाही. एलएनबी दोन्ही बाजूंना थोडी-थोडी फिरवून क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे आवळा. छत्री न हलवता आकडा वाढतो तो इथे.

बॉक्सच्या मेनूत एलएनबी प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. एलएनबी पॉवर चालू, २२के (एलएनबीला वरच्या बँडवर नेणारा २२ किलोहर्ट्झचा इशारा) ऑटो, मध्ये स्विच नसेल तर डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडायची सोय) बंद. यामागचा हिशोब कळला की चुका आपोआप टळतात. ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल (उभ्या लहरी), सिम्बॉल रेट (डेटाचा वेग) २९५०० हा फ्री डिशचा एक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे चॅनेलचा एक गठ्ठा पाठवणारी उपग्रहावरची वाट, घ्या. एलएनबी त्यातून ९७५० वजा करते आणि केबलमधून १३४० मेगाहर्ट्झ खाली येतात. बॉक्सचा ट्यूनर ९५० ते २१५० ऐकतो, म्हणजे सगळं जुळलं. पण २२के चुकून 'ऑन' राहिलं तर एलएनबी १०६०० वजा करते, उरतात ४९०, आणि ते ट्यूनरच्या कक्षेतच नाहीत. छत्री अचूक, केबल नवी, तरी क्वालिटी शून्य. उपग्रहाच्या यादीत 'इन्सॅट ४बी' असं जुनं नाव दिसलं तरी घाबरू नका. जागा तीच, ९३.५. मात्र त्या नावाखालच्या फ्रिक्वेन्सी जुन्या असतात. त्या पुसून नव्या भरा किंवा ब्लाइंड स्कॅन (फ्रिक्वेन्सी न देता बॉक्सलाच शोधू देणं) करा.

केबलबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण पावसाळ्यात सर्वाधिक त्रास तिथूनच झाला. स्वस्त आरजी-६ चा मधला गाभा तांब्याचा नसतो, तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असतं. एफ-कनेक्टरात (केबलच्या टोकाला बसणाऱ्या पेचाच्या कनेक्टरात) पाणी शिरलं की मुलामा निघतो. कनेक्टर उघडल्यावर टोक तपकिरी, बोटाला हिरवट पूड, आणि गाभ्याभोवतीची तारेची जाळी ओली असेल तर तेवढा तुकडा कापून टाकावा. पुसून परत लावला तर आठवडाभर चालतो आणि पुन्हा तेच. जाळीतून पाणी वातीसारखं आत चढतं, म्हणून पांढरा फोम कोरडा आणि जाळी चकचकीत दिसेपर्यंत कापत जा. नवीन टोक काढताना गाभा कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिमी दिसला पाहिजे. जाळीचा एकही केस गाभ्याला लागता कामा नये, कारण तोच केस शॉर्ट करतो. एलएनबीजवळ केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी थेंबाथेंबाने पडेल, कनेक्टरकडे ओघळणार नाही. वर रबरी टोपी आणि स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद उन्हाने वितळतो आणि आत पाणी साठवून ठेवतो. लांबीचं म्हणाल तर या फ्रिक्वेन्सीला आरजी-६ मध्ये शंभर मीटरला सुमारे २५ डेसिबल जातात. वीस-पंचवीस मीटरपर्यंत चिंता नाही. मधे जोड मात्र नकोच.

जोराच्या पावसात सिग्नल जाणं हा केयू बँडचा स्वभाव आहे. दहा-पंधरा मिनिटांत परत येतो. पण रिमझिमीलाही जात असेल, किंवा पाऊस थांबून तास झाला तरी परत येत नसेल, तर तो पावसाचा दोष नव्हे, छत्री कड्यावर आहे किंवा कनेक्टरात पाणी आहे. कोकणात नव्याने लावणार असाल तर ९० सेंटिमीटरची छत्री घ्या. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त हातात, आणि सरीत ते कामी येतात. तिची नजर मात्र आणखी अरुंद असते, लावायला वेळ द्यावा लागतो.

एलएनबी स्वतःही जाते. रात्री सगळं ठीक आणि दुपारी दोनला चॅनेल गायब, हे लक्षण तिचंच. तापल्यावर तिची आतली फ्रिक्वेन्सी सरकते. तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकली की आत पाणी जातं. टोपीवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं असेल तर ते ओल्या फडक्याने काढा, खरवडू नका.

आता बॉक्स. लाल दिवा लुकलुकतो, पडद्यावर लोगो येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, ही नेहमीची तक्रार. बॉक्स बंद करा, एलएनबीची केबल काढा, मग चालू करा. (चालू बॉक्सची केबल कधीच काढू-लावू नये, तिच्यात १३ किंवा १८ व्होल्ट असतात.) केबलशिवाय नीट सुरू झाला तर शॉर्ट केबलमध्ये किंवा एलएनबीत. तरीही तेच होत असेल तर अॅडॉप्टर. स्वस्त अॅडॉप्टर रिकामा मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो आणि बॉक्स जोडल्यावर १० वर येतो. मोजायचा तर बॉक्स चालू असताना मोजा. बदली घेताना १२ व्होल्ट, दीड अँपियर, आणि पिन व ध्रुव मूळच्या अॅडॉप्टरवर छापल्याप्रमाणेच. या बॉक्सबरोबर आलेला अॅडॉप्टर सातव्या महिन्यात गेला, बॉक्स त्याच ताकदीने चालू आहे. ज्या बॉक्समध्ये २३० व्होल्टची सप्लाय आतच असते, तिथे आउटपुटचा कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेला सापडतो. बदलताना १०५ अंशांचा घ्यावा. पण हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. त्याच बोर्डावरचा मोठा कॅपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ झटका देतो. बॉक्सवर क्रोशाचा रुमाल घालू नका. वरच्या जाळीतूनच उष्णता बाहेर पडते.

चित्राच्या तक्रारी सोप्या. जुन्या टीव्हीवर काळं-पांढरं दिसतंय तर मेनूत रंगाची पद्धत एनटीएससी पडलीय, 'पाल' (PAL) करा. एव्हीच्या ३.५ मिमी पिनेची वायर दुसऱ्या उपकरणाची वापरली तर चित्राच्या जागी घरघर येते, कारण वायरींतला क्रम वेगळा असतो. लाल-पिवळी-पांढरी अदलाबदल करून बघा. एचडीएमआयला 'नॉट सपोर्टेड' आलं तर रिझोल्यूशन टीव्हीच्या आवाक्याबाहेर गेलंय. रिमोटवरचं व्ही-मोड बटण दोन-दोन सेकंदांनी दाबत राहा, चित्र दिसलं की थांबा.

चॅनेल अचानक गायब झाली तर तारीख बघा. खासगी चॅनेलना जागा लिलावाने, वर्षभरासाठी मिळतात, त्यामुळे १ एप्रिलला यादी हलते. पुन्हा स्कॅन केलं की नवी यादी येते. सह्याद्री शोधून पसंतीच्या यादीत टाकून ठेवा, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना दर वेळी नवा क्रमांक पाठ करावा लागणार नाही.

दोन खोल्यांत दोन बॉक्स हवे असतील तर एक सोय इथे आहे. फ्री डिश सगळी व्हर्टिकल आणि खालच्या बँडमध्ये असल्याने एकाच एलएनबीवर साध्या स्प्लिटरने दोन बॉक्स स्वतंत्र चालतात. स्प्लिटरवर ५-२४०० मेगाहर्ट्झ आणि पॉवर पास लिहिलेलं हवं. केबलवाल्याचा ५-१००० चा स्प्लिटर लावला तर १३४० त्यातून नीट जातच नाहीत.

आणि एक खूण, जी वर्षातून दोनदाच मिळते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर काही दिवस, मुंबईकडे सकाळी अकराच्या सुमारास, चित्र काही मिनिटं जातं. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नल बुडवतो. बॉक्सला हात लावू नका, गच्चीवर जा. त्या क्षणी सूर्य जिथे आहे तिथेच उपग्रह आहे. छत्रीवर माडाच्या झावळीची किंवा शेजारच्या नव्या टाकीची सावली पडलेली दिसली, तर इतके दिवस सिग्नल कोण अडवत होतं ते समोरच दिसतं. डिशपासून चार मीटरवरचं झाड तिच्यापेक्षा सहा मीटर उंच झालं की ते आड येऊ लागतं.