आईच्या मनगटाचा क्लेम: ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतल्यानंतरचे सहा महिने

एप्रिलमध्ये आई-बाबांसोबत स्वित्झर्लंडला जायची तयारी सुरू केली. तिथे लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं, म्हणून मीही आधी सर्वांत स्वस्त पॉलिसी शोधत होते. शेवटी जरा जास्त प्रीमियम भरून १ लाख डॉलरची घेतली, कारण आई ६८ वर्षांची आणि तिला बीपी.

प्रपोझल फॉर्म भरताना एजंट म्हणाले, "ताई, बीपी कशाला लिहिताय? या वयात सगळ्यांनाच असतो." मी लिहिलं, गोळ्यांच्या नावांसकट. प्रीमियम थोडा वाढला.

मे महिन्यात ल्युसर्नला पाऊस पडून गेला होता. जुन्या लाकडी पुलावरून उतरून पुढच्या दगडी फरशीवर आईचा पाय सरकला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट डोळ्यांदेखत सुजलं. मी दवाखान्यात पोचायच्या आधीच पॉलिसीवरच्या हेल्पलाइनला फोन लावला. लगेच उचलला, क्लेम नंबर दिला, पण दाखल व्हावं लागलं नाही तर कॅशलेस नाही, बिल भरा आणि नंतर मागा, असं स्पष्ट सांगितलं. एक्स-रे, प्लास्टर, औषधं मिळून ७८० फ्रँक माझ्या कार्डावर गेले. निघताना डॉक्टरांकडून अहवाल इंग्रजीत मागून घेतला, कारण आधी हातात पडलेला जर्मनमध्ये होता.

या अहवालातल्या एका ओळीने क्लेम वाचवला. जूनमध्ये कंपनीचं पत्र आलं: रुग्णाला रक्तदाबाचा त्रास आहे, चक्कर येऊन पडल्या का? म्हणजे पडण्याचं कारण जुना आजार ठरला असता, तर तो खर्च वेगळ्या अटींत गेला असता. माझ्या पॉलिसीत जुन्या आजाराला फक्त जिवावर बेतलं तरच आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत संरक्षण होतं. अहवालात "ओल्या फरशीवर घसरून पडल्या, चक्कर नाही, शुद्ध हरपली नाही" असं होतं. आईने डॉक्टरांना तसंच सांगितलं होतं आणि त्यांनी तसंच लिहिलं. बीपी फॉर्मवर असल्यामुळे लपवल्याचा मुद्दाही उरला नाही. दवाखान्यात दुखण्याच्या घाईतही कारण नीट लिहून घ्या, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

पुढचा त्रास कागदांचा. मूळ बिलं, पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, रद्द केलेला चेक, असं सगळं एकदा पाठवलेलं असताना दोनदा पुन्हा मागितलं, आणि दर वेळी नवा माणूस. हे मला फार खटकलं. शेवटी मी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र दिलं; महिनाभरात उत्तर आलं नसतं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाणार होते. तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे आले, १०० डॉलरचं डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, कापून. टॅक्सीचे पैसे पावती नसल्यामुळे गेले.

बॅग उशिरा येणं वगैरे भागाचा अनुभव आला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

दिवाळीनंतर आई-बाबा भावाकडे सिंगापूरला जाणार आहेत. पॉलिसी याच कंपनीची घेते आहे, पण रुग्णालयाचं खोलीभाडं आणि सर्जनच्या फीवर मर्यादा नसलेली. बीपी पुन्हा लिहिणार आहे.