उरलेली कामं: वहीत उतरवावीत, मोबाईलवर ठेवावीत की खोडावीत?

यादी कितीही नेटकी केली तरी रात्री चार-दोन कामं उरतातच. त्यांचा निकाल लावायच्या तीन पद्धती आहेत. इंदूरमध्ये नोकरी, दुकान आणि घर एकत्र सांभाळणाऱ्याला त्यातली कुठली सोसेल, ते पाहू.

वहीची पद्धत कष्टाची आहे, आणि तिचा फायदाही त्या कष्टातच आहे. खजूरी बाजारात मिळणारी साधी आखीव वही पुरते. झालेल्या कामावर टिक, सोडून दिलेल्यावर फुली, उरलेल्यापुढे बाण. बाणाचं काम उद्याच्या पानावर हातानं लिहायचं आणि दर वेळी त्याच्यापुढे एक उभी रेघ वाढवायची. तिसरी रेघ पडली की ते काम जसंच्या तसं उतरवायचं नाही, कारण तोवर अडचण बहुधा वेळेची राहिलेली नसते, लिहिण्याची असते. ‘मालमत्ता कर’ हे काम नव्हे. आधी जुनी पावती शोधायची, मग थकबाकी पाहायची, मग पैसे भरायचे. गाडी पावतीपाशी अडलेली असते. म्हणून ‘कपाटातल्या फाईलमधून गेल्या वर्षीची पावती काढणे’ असं लिहा. ते दहा मिनिटांत होतं.

ही पद्धत फसते ती यादी लांबली की. पंधरा ओळी उतरवायचा कंटाळा येतो, बाण राहून जातात आणि कामं मागच्या पानांत पुरली जातात. रोज सात ओळींच्या वर जाऊ नका. शिवाय वही घंटा वाजवत नाही. सियागंजातून आणायचं सामान घरच्या वहीत लिहिलेलं असेल, तर तिथे उभं असताना आठवणार कसं?

ते काम मोबाईलचं. ठरलेल्या वेळेची, दर महिन्याची आणि बाहेर फिरताना करायची कामं तिथेच ठेवावीत. मात्र उरलेल्या कामांना प्रत्येक ॲप वेगळं वागवतं. मायक्रोसॉफ्ट टू डूमधला ‘माय डे’, म्हणजे आजच्या कामांचा भाग, रोज रिकामा होतो. उरलेलं काम मूळ यादीत राहतं आणि ॲपनं सुचवलेल्या कामांमध्ये दिसतं, पण तिथून ते आपल्याला उचलावं लागतं. टुडूइस्टमध्ये मुदत टळलेली कामं वेगळी दिसतात आणि सगळी एकदम पुढच्या तारखेला नेता येतात. ही सोय जपून वापरावी. एका बोटात वीस कामं सरकली की कुठलं किती जुनं, हे कळेनासं होतं. कामाच्या नावातच पहिली तारीख टाका: ‘गीझर दुरुस्ती (३ जून)’. बँकेची कामं डोळे मिटून शनिवारवर ढकलू नका. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात.

उरलेलं काम डोक्यात घोळत राहतं. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ सालच्या प्रयोगांत असं दिसलं, की काम पुरं झालं नाही तरी ते कसं करायचं याची नेमकी योजना केल्यावर हा त्रास कमी होतो. म्हणून ‘उद्या’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. ‘गुरुवारी ऑफिसातून परतताना’ हे पुरेसं.

आमचा कौल असा: टेबलाशी बसून काम करणाऱ्यानं वही मुख्य ठेवावी, दिवसभर फिरणाऱ्यानं मोबाईल. दोन्ही वापरत असाल तर एक काम एकाच ठिकाणी लिहा. नाहीतर इथे टिक होते, तिथे ते जिवंत राहतं आणि दोन्ही याद्यांवरचा भरवसा उडतो.

तिसरी पद्धत म्हणजे रविवारी उरलेलं सरळ खोडणं. स्वतःच स्वतःला लावून घेतलेल्या कामांसाठी ती उत्तम. माळा आवरणं महिनाभर राहिलं तरी कुणाचं अडत नाही. पण ज्या कामाची दुसरं कुणी वाट पाहतंय, ते खोडण्याआधी त्या माणसाला फोन करून ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असं सांगा, म्हणजे त्याला वेळेत दुसरी सोय बघता येईल.